मास्तरांची लाल गाडी आणि उतरण्याची अट

"ही कुणाची?" मास्तरीणबाईंनी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून विचारलं.

"आपली," मास्तर खालून म्हणाले.

मास्तरीणबाईंनी गाडीकडे नीट निरखून पाहिलं. लालभडक रंग, दोनच दारं, आणि बुटकी तर इतकी, की जमिनीला पोट टेकून बसल्यासारखी दिसत होती. "आणि बाकीची कुठंय?" त्यांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. घरात ठरलं होतं ते वेगळंच. वर्षभर पैसे बाजूला टाकून एक जुनी, चार दारांची, उंच, राखाडी रंगाची, शहाण्या माणसासारखी दिसणारी गाडी घ्यायची होती. मास्तरांच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहत. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे धरले, तेव्हापासून त्यांचं बाहेर जाणं म्हणजे आठवड्यातून एकदा व्यायामाच्या दवाखान्यात. बाकीचे सहा दिवस त्या खिडकीतल्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या माणसांच्या चुका काढत. त्यांना दवाखान्यात नेता-आणता यावं म्हणून गाडी. इतकं साधं, सरळ, दोन ओळींचं काम मास्तरांवर सोपवलं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का. कपडे शिवणारे. खाली रस्त्यावर त्यांचं दुकान आणि वर घर. माणूस सरळ, हातात कसब, जिभेवर साखर. आणि साखरेचं म्हणाल तर त्यांच्या धंद्याचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा होता. मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाची दोन मापं ठेवत, एक तोंडी आणि एक कात्रीचं. गिऱ्हाईक आरशासमोर पोट आत ओढून उभं राहिलं, की मास्तर टेप फिरवून म्हणत, "वा! गेल्या वर्षीचंच माप. एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही." हे झालं तोंडी माप. मग गिऱ्हाईक खुशीत घरी गेलं, की मास्तर मुकाट्याने दोन बोटं वाढवून कापड कापत. हे कात्रीचं माप. झाकली मूठ सव्वा लाखाची! मास्तरांच्या हातचा कोट कुणाला आजवर घट्ट झाला नव्हता, आणि आपण जाड झालो हे आजवर कुणाला कळलं नव्हतं. खुद्द मास्तरीणबाईंचं तोंडी माप लग्नात होतं तेच होतं. कात्रीच्या मापाबद्दल मास्तर कुणाकडेही बोलत नसत.

असा हा तोलूनमापून वागणारा माणूस. पण सकाळी ते जी राखाडी गाडी बघायला गेले, तिच्या शेजारच्याच फाटकात ही लाल गाडी उभी होती, आणि काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी होती. बस. खेळ खलास.

त्याचं असं होतं, की मास्तर विशीत असताना एका मोठ्या शिवणगृहात हाताखाली कामाला होते. एकदा एक गिऱ्हाईक अशाच लाल गाडीतून कोटाचं माप द्यायला आलं. मास्तरांचं अर्धं लक्ष काचेबाहेर. पाठीला टाचणी लावता लावता ती त्यांनी सरळ गिऱ्हाइकालाच लावली. नोकरी गेली, पण गाडी काही डोळ्यांपुढून गेली नाही.

ही गाडी एका दातांच्या डॉक्टरांची होती. मास्तरांनी जाताना गॅरेजवाल्या मित्राला सोबत नेलं होतं, तो लगेच बॉनेटखाली शिरला. डॉक्टरांनी पुढे येऊन मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता थोडंसं टोचल्यासारखं होईल हं," ते म्हणाले. "गाडी दोन लाख किलोमीटरच्या वर चाललीय."

मास्तरांना टोचलं वगैरे काही नाही. त्यांना भूल केव्हाच चढली होती.

"इंजिन घोडा आहे," गॅरेजवाला बाहेर येत म्हणाला. "म्हातारा घोडा, पण घोडा. तेल-पाणी वेळेवर केलेलं दिसतंय. पाण्याचा पाइप तेवढा थकलाय. फार पळवलीस तर तापेल, पाणी जवळ ठेव. आणि हॉर्नचं बटण हलक्या हाताने दाब, नाहीतर ते आत जाऊन बसतं."

"किंमत?" मास्तरांनी श्वास रोखून विचारलं.

किंमत त्या राखाडी गाडीइतकीच होती. इतकं पळालेलं लाल जनावर घरात घ्यायला कुणीच तयार नव्हतं. पण मास्तर आंधळेपणाने गाडी घेणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी खिशातून टेप काढला. सीटची रुंदी मोजली, दाराचं तोंड मोजलं, पाय ठेवायची जागा मोजली. घरच्यांची मापं तोंडपाठ होतीच, आणि इथे त्यांनी प्रामाणिकपणे कात्रीचीच मापं धरली. सासूबाई बसून दोन बोटं उरत होती, बायको बसून चार. छान! मास्तर खूश. एकच गोष्ट राहिली. शिंपी माणसाला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजतो. टाचेखालची जमीन किती लांब आहे, हे काही तो मोजत नाही. सीट जमिनीपासून वीतभरच वर होती, हे मास्तरांच्या ध्यानातच आलं नाही.

"घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. "सोमवारपर्यंत वापरून बघा. घरच्यांना नाही रुचली तर आणून द्या, पैसे परत. आमच्या घरच्यांना रुचली नव्हती, म्हणून म्हणतो."

तर अशी ती दारात येऊन उभी राहिली होती. मास्तरीणबाई खाली आल्या. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, दार उघडून आत वाकून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या चिडल्या नाहीत, हेच वाईट होतं. चिडल्या असत्या तर दोन तासांत निवळल्या असत्या.

"अहो, माझ्या आईचे गुडघे आणि ही सीट, यांची गाठ तुम्ही कशी घालणार होतात?"

"मी मोजलंय ना! दोन बोटं उरतात."

"कुठे उरतात? अहो, ती यात बसणार नाही, पडेल. आणि पडली की निघणार कशी?"

मास्तर टेप गुंडाळायला लागले.

"हे बघा," मास्तरीणबाई म्हणाल्या, "उगाच तुमचं मन मोडायचं नाही मला. उद्या रविवार आहे. आई या गाडीत स्वतःच्या पायांनी बसली आणि स्वतःच्या पायांनी उतरली, कुणीही हात न लावता, तर गाडी राहील. नाहीतर सोमवारी परत. कबूल?"

"कबूल."

"आणि आईला या अटीचं अक्षर कळता कामा नये. तुमच्यासाठी ती मोडलेल्या पायावरसुद्धा उडी मारेल. जावई म्हणजे तिचा जीव की प्राण."

हे मात्र अक्षरशः खरं होतं. टाचणीपायी नोकरी गेल्यावर मास्तर घरोघरी फाटकं-उसवलं शिवत फिरत होते, तेव्हा या बाईने त्यांना मुलगी दिली होती. आणि नुसती मुलगी नव्हे. सासूबाई स्वतः शिवणकाम करून घर चालवत होत्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं शिवणयंत्र हातगाडीवर चढवून मास्तरांच्या खोलीवर पाठवून दिलं. मास्तर परत करायला गेले तर म्हणाल्या, "जावईबापू, मुलीला शिवता येत नाही, तिला एकटीला पाठवून तुमचं काय भलं होणार? माझं काय, मी हाताने टाके घालीन." आणि पुढची कितीतरी वर्षं त्या खरंच हाताने टाके घालत राहिल्या. ते यंत्र अजून मास्तरांच्या दुकानात पहिल्या जागेवर होतं. रोज सकाळी त्याला तेल घालताना मास्तरांच्या मनात एकच विचार यायचा, या बाईसाठी आपण काय केलं? दवाखान्यात नेतो. झालं. त्या लाल गाडीत तिला शेजारी बसवून एकदा लांबवर फिरवून आणावं, असं त्यांना सकाळी फाटकापाशी फार वाटून गेलं होतं. पण हे बायकोला सांगायचं कसं? तिला ते निमित्त वाटलं असतं. आणि थोडंसं होतंही.

रविवारी सकाळी सासूबाई काठी टेकत, प्रत्येक पायरीवर जिना बांधणाऱ्याचा उद्धार करत खाली आल्या. लाल गाडी बघून त्या थबकल्या.

"ही आपली?"

"हो," मास्तर म्हणाले.

"मेली, नटून बसलीय अगदी," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत जे काही चमकलं ते मास्तरांनी टिपलं. मास्तरीणबाई हाताची घडी घालून दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. समोरचा इस्त्रीवाला इस्त्री उचलून धरून बघत राहिला. अटीची बातमी रात्रीतच सगळ्या गल्लीला कळलेली होती. एक सासूबाईंनाच काय ती ठाऊक नव्हती.

सासूबाईंनी दाराला पाठ केली, काठी आत टाकली आणि अंग सोडून दिलं. धप्प! गाडी एकदा खाली बसली आणि वर आली.

"बसले बाई!"

"छान," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आता उतर बघू आई."

"आत्ता तर बसले. उतर काय?"

"उतरून दाखव तरी."

सासूबाईंनी दोन्ही हात सीटवर रोवले, तोंड लाल केलं, "आई गं" म्हणाल्या आणि पुन्हा मागे टेकल्या. "नाही गं बाई. नाही उठवत."

मास्तरीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. त्या एका नजरेत सोमवार होता.

"सीट नवी आहे ना त्यांना," मास्तर घाईघाईने म्हणाले, "एक चक्कर मारून आणतो. जरा अंगवळणी पडली, की उतरतील आपोआप."

गाडी सुरू झाली तेव्हा तिने असा काही आवाज काढला, की इस्त्रीवाल्याच्या दोरीवरचे शर्ट हलले. मास्तर चौकातून वळले, मोठ्या रस्त्याला लागले आणि घाबरत घाबरत पाय जरा जोरात दाबला. सासूबाई सीटमध्ये मागे दाबल्या गेल्या. मास्तरांनी लगेच पाय उचलला.

"आई, लागलं का?"

"पुन्हा करा," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी पुन्हा केलं. दवाखान्याच्या नेहमीच्या रस्त्यावरून जाताना सासूबाईंनी दवाखान्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवरच्या पोराने गाडीकडे बघून अंगठा दाखवला, तर सासूबाईंनीही काच खाली करून त्याला अंगठा दाखवला.

परत दारात आले, तर पायरीवर मास्तरीणबाईंच्या सोबतीला निम्मी गल्ली. सासूबाईंनी पुन्हा हात रोवले, पुन्हा तोंड लाल केलं. "नाहीच उठवत गं."

आता ज्याचं त्याचं डोकं चालू लागलं. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाला पैसे पडतात? तळमजल्यावरचे बँकवाले काका पुढे झाले. ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण रांगेतल्या लोकांवर ओरडायची सवय गेली नव्हती.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा! हे बघा, सीट मागे गेली की माणूस आपोआप मोकळा होतो. इथं दांडी असते." असं म्हणून त्यांनी खाली हात घालून एक दांडी ओढली. सीट मागे गेली नाही, ती आडवी झाली. क्षणापूर्वी बसलेल्या सासूबाई एकदम गाडीच्या छपराकडे बघत निजल्या.

"अगं बाई! हे बरं आहे," आतून आवाज आला. "पाठ सरळ झाली."

"काका, उचला ना सीट!" मास्तरीणबाई ओरडल्या.

काका सीट उचलायला पलीकडच्या दारातून आत शिरले. तिथे गाडी बुटकी, काका उंच. त्यांचा तोल गेला आणि त्यांनी आधाराला जे धरलं ते स्टिअरिंगच्या मधोमध होतं. हॉर्न सुरू झाला. बटण आत जाऊन बसलं आणि काही केल्या बाहेर येईना. प्यांऽऽऽ! दुसऱ्या गल्लीतली माणसं धावत आली. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं लग्न आहे. इस्त्रीवाला म्हणत होता, आजींच्या काखेखालून चादर घालू आणि चौघांनी ओढू. कुणीतरी सीटलाच तेल लावायला सांगत होतं. मास्तरांनी शेवटी कोटाच्या कॉलरमधून टाचणी काढली, तिने बटण उचकटून बाहेर ओढलं आणि हॉर्न थांबला. आयुष्यात एकदा टाचणीने गाडीपायी नोकरी घालवली होती, आज तिनेच लाज राखली.

"जावईबापू," आडव्या झालेल्या सासूबाई म्हणाल्या, "ही माणसं मला मारतील. तुम्ही आपले दवाखान्यात न्या. तिथं उचलायची माणसं असतात."

हे सगळ्यांनाच पटलं. सीट सरळ करून गाडी पुन्हा निघाली. दवाखाना आला, तर फाटकाला भलंमोठं कुलूप. रविवार!

"अरेरे," सासूबाई म्हणाल्या. त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "मग असं करा, तलावावरून घरी जाऊ. जवळ पडतं."

तलाव गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. तिथून घर जवळ पडायचं तर गाव उचलून फिरवून ठेवावं लागलं असतं. पण मास्तरांनी मुकाट्याने गाडी वळवली. गाडी तर जाणारच होती, मग निदान तलाव तरी बघून घ्यावा.

तलावाचा रस्ता मोकळा होता. सासूबाईंनी काच उतरवली, वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उडायला लागले आणि त्या कधीकाळचं एक गाणं, शब्द विसरलेले तिथे नुसतीच चाल, असं गुणगुणायला लागल्या. मास्तरांना गहिवरून आलं. आणि नेमकी तेव्हाच बॉनेटमधून वाफ आली.

"थकली बिचारी," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी गाडी तलावाच्या कठड्याला लावली. पाणी जवळ ठेव म्हणून बजावलं होतं, ते अर्थातच घरी राहिलं होतं. पलीकडे उतारावर एक चहाची टपरी होती. "आई, हलू नका," असं सांगून मास्तर डबा शोधत तिकडे गेले. जिला हलताच येत नाही तिला हे सांगण्यात काय अर्थ होता, ते त्यांना अर्ध्या वाटेवर सुचलं.

डबाभर पाणी घेऊन ते उतार चढून वर आले आणि जागीच थांबले. गाडीचं दार उघडं होतं. सीट रिकामी होती. सासूबाई कठड्याला टेकून, एका पायावर दुसरा पाय घालून, ऐटीत उभ्या होत्या. काठी गाडीतच होती. शेजारच्या शेंगदाणेवाल्याकडून त्यांनी पुडी घेतली होती आणि दाणे तोंडात टाकत त्या तलाव बघत होत्या.

"आई!"

सासूबाई दचकल्या. पुडी मागे लपवावी की पाय सोडावा, हे त्यांना सुचेना. मग दोन्ही सोडून त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

"तुम्ही उतरलात?"

"काय कठीण आहे त्यात?" सासूबाई म्हणाल्या. "आधी दोन्ही पाय बाहेर टाकायचे, मग वरची चौकट धरायची आणि हुप्प करायचं. जन्मभर शिवणाच्या पाटावरनं उठत आलेय मी."

"मग घरी का नाही उतरलात?"

सासूबाईंनी तळहातावरची दाण्यांची सालं फुंकून टाकली. मग म्हणाल्या, "उतरले असते तर काय, वर गेले असते. खिडकीत. जावईबापू, दोन वर्षांत कुणी मला कुठं नेलं नाही हो. म्हणजे नेता तुम्ही, पण दवाखान्यात. मुलगी जीव टाकते माझ्यावर, पण तिच्यासाठी मी म्हणजे दोन गुडघे. आज पहिल्यांदा गाडीत बसले नि वाटलं, की उतरूच नये. तुम्ही तिला सांगू नका हं. उतरता येतं म्हटलं की संपलं. शपथ आहे तुम्हाला माझी."

मास्तरांच्या जिभेवर शब्द आले होते. 'आई, तुम्ही घरी असंच हुप्प केलंत तर गाडी राहते,' एवढंच तर बोलायचं होतं. पण बोलले असते तर ही बाई पुढचा विचार न करता आपली मौज सोडून सरळ उतरली असती. जावयाचा हट्ट पुरा व्हावा म्हणून. जसं तेव्हा यंत्र दिलं, तसं. एकदा तिने घरातली होती नव्हती ती वस्तू हातगाडीवर चढवून दिली होती. तिच्याकडून दुसऱ्यांदा काही काढून घ्यायला मास्तरांचं मन धजेना.

"नाही सांगत," ते म्हणाले. "शेंगदाणे द्या बरं थोडे."

इंजिन निवेपर्यंत दोघं कठड्यावर बसून शेंगदाणे खात राहिले. गाडी उद्या जाणार हे मास्तरांना स्वच्छ दिसत होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना फार वाईट वाटत नव्हतं. इतक्या वर्षांनी आपण या बाईसाठी काहीतरी केलं, असं त्यांच्या मनात आलं. देवाने एवढी एक सकाळ दिली, पुष्कळ झालं. मग सासूबाई पुन्हा पाठ करून धप्पकन आत बसल्या आणि चेहरा पाडून त्याचा सराव करत घरी आल्या.

घरासमोर जय्यत तयारी होती. एक फळी, एक जाड दोर, दुकानातलं गिऱ्हाइकांचं स्टूल, आणि बँकवाले काका.

"उठवतंय का आई?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"कुठलं गं," सासूबाई कण्हल्या.

मास्तरीणबाई मास्तरांकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "अहो, मी काही, वाईट वाटून घेऊ नका, असं म्हणणार नाही. मलाही वाटतंय. पण बोलल्याप्रमाणे उद्या डॉक्टरांकडे देऊन या."

"हो," मास्तर म्हणाले. "देऊन येतो."

"काय देऊन येतो?" गाडीतून प्रश्न आला.

मास्तर बुटांकडे बघायला लागले. पण इस्त्रीवाला आतल्या आत फुगला होता, त्याला राहवेना. "गाडी हो आजी! तुम्ही आपल्या आपण उतरलात तर राहणार, नाहीतर उद्या परत. अशी अट आहे ना! सगळ्या गल्लीला माहितीय."

सासूबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. "तिथं तलावावर?"

मास्तरांनी होकाराची मान हलवली.

"आणि माझ्या शपथेपायी गप्प बसलात?"

मास्तरांनी पुन्हा मान हलवली.

"शहाणेच आहात!" सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी दोन्ही पाय बाहेर टाकले, वरची चौकट धरली आणि हुप्प! सरळ ताठ उभ्या राहिल्या. बँकवाले काका त्यांना धरायला धावले, तर त्यांनी काकांच्या हातातला दोर काढून घेतला आणि बाजूला ठेवला. गाडीला एक पूर्ण फेरी मारली. काठी आतच होती.

मास्तरीणबाई पुढे झाल्या. "आई... तुला उतरता येत होतं?"

"मग? मी काय बाटलीतलं बूच आहे?"

"मग सकाळपासून सगळ्या गल्लीला का नाचवलंस?"

"उतरून जायचं कुठं होतं मला? वर खिडकीत?" सासूबाई म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांना वाटलं जरा जास्तच लागेल, म्हणून पुढे म्हणाल्या, "तू करतेस गं माझं. कुणाची मुलगी करणार नाही इतकं करतेस. पण मला नुसतं बरं करू नकोस. कधी फिरवसुद्धा."

मास्तरीणबाईंचे डोळे भरले. त्यांनी आईला जवळ घेतलं, मग गल्ली बघतेय हे ध्यानात येऊन सोडलं, नाक ओढलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, "एवढं काय आहे या गाडीत, बघू तरी मेलं." आणि पाठ करून धप्पकन आत बसल्या.

त्यांनी सीटवरून हात फिरवला. पाय लांब केले. समोरच्या काचेतून गल्ली बघितली. अशी खालून त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. मग दोन्ही हात रोवले, तोंड लाल केलं आणि पुन्हा मागे टेकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला उठवत नाहीये."

"बघा! मी सांगत होतो, तेल लावा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. काकांनी दोर पुन्हा उचलला.

सासूबाई मात्र इस्त्रीवाल्याला ते गिऱ्हाइकांचं स्टूल रस्त्याच्या कडेला मांडायला लावून त्यावर ऐसपैस बसल्या होत्या. "जा तुम्ही. सावकाश या. मी इथंच आहे, चार माणसांत," त्या म्हणाल्या, आणि इस्त्रीवाल्याला त्याच्या घड्या कशा चुकतात ते सांगायला लागल्या.

मास्तर फिरून पलीकडच्या दाराने आत शिरले. किल्ली लावता लावता त्यांनी बायकोकडे तिरक्या नजरेने पाहिलं. गुडघे धडधाकट. आणि मापाचं म्हणाल, तर तोंडी माप जाऊ द्या, कात्रीच्या मापानेसुद्धा दोन्ही बाजूंना मिळून चार बोटं जागा मोकळी होती. ती या माणसाने स्वतःच्या टेपने मोजलेली होती.

"अडकलात का खरंच?" त्यांनी हळूच विचारलं.

"तर काय! सीट फारच घट्ट आहे," मास्तरीणबाई समोर बघत म्हणाल्या.

"घट्टच आहे," मास्तर म्हणाले. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची मापं पोटात ठेवली, त्याला हे एक जड नव्हतं.

गाडी गरजली. मास्तरीणबाईंनी काच खाली केली.

"कुठे जाऊ या?" मास्तरांनी विचारलं. "दवाखाना तर बंद आहे."

"मग तलावावरून घरी येऊ," मास्तरीणबाई म्हणाल्या. "जवळ पडतं."